स्टीअरिंगमध्ये खटखट, चवथीला १८ दिवस, आणि गॅरेजवाला म्हणतो पूर्ण कॉलम बदला

शापोराकाठचा | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, गाडी २०१२ची, छोटी हॅचबॅक, एक लाख अठरा हजार किलोमीटर झालेली. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग, मोटर कॉलमवरच बसवलेली. ड्रायव्हरच्या बाजूला एक एअरबॅग. घर शिवोलीला, नदी हाकेच्या अंतरावर, आणि गाडी बारा महिने अंगणात उघड्यावर. (माडाखाली नाही. माडाखाली एकदाच लावली होती, बॉनेटवर अजून खूण आहे.)

दुखणी दोन. एक, खराब रस्त्यावर हळू चालवताना स्टीअरिंगमध्ये खट् असं हाताला लागतं. दाराच्या पलीकडून कोणीतरी टिचकी मारावी तसं. म्हापशाच्या बाजारातून बाहेर पडेपर्यंत वीसेक टिचक्या होतात. दोन, जागेवर वळवताना स्टीअरिंग जड, मग हलकं, मग परत जड.

नेहमीच्या गॅरेजात दाखवली. त्यांनी खाली वाकूनही न बघता सांगितलं, कॉलम असेंब्ली बदला. आकडा ऐकून मी चहा तसाच ठेवून उठलो. वर चवथीच्या आधी मिळेल याची खात्री नाही म्हणे. आम्हाला चवथीला पेडण्याच्या घरी जायचंय, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान, आईबाबा, सगळं याच गाडीतून.

माझ्याकडे सॉकेटचा बरा संच आहे, दोन स्टँड आहेत, शेजाऱ्याचा टॉर्क पाना (बोल्ट मोजून आवळायचा) मिळेल. ब्रेक पॅड, फिल्टर, बॅटरी असलं काम घरीच करतो. कॉलम घरी उघडावा का?

---

सुशेगाद | सोमवार, रात्री १०:३१

नको. स्टीअरिंग आणि ब्रेक घरी उघडायचे नाहीत. बस केली तर कदंबाची पेडण्यापर्यंत जाते.

---

काजूबोंडू | सोमवार, रात्री १०:४०

@सुशेगाद, माटोळीचं सामान घेऊन कदंबात? तुम्ही कधी चढलाय का चवथीच्या आदल्या दिवशी?

---

साखळीचा फिटर | मंगळवार, पहाटे ५:५०

बाबा, उघडायच्या आधी शोध.

कॉलम म्हणजे एक वस्तू नव्हे, ती माळ आहे. वर स्टीअरिंग, त्याच्याखाली क्लॉक स्प्रिंग (हॉर्न आणि एअरबॅगला वीज नेणारी गुंडाळी), कॉम्बी स्विच (इंडिकेटर-वायपरचे दांडे), किल्लीचं लॉक, मग कॉलमचा शाफ्ट, तुझ्या गाडीत त्यालाच मोटर. मग पेडलांच्या वर मधला छोटा शाफ्ट, त्याच्या दोन टोकांना दोन युनिव्हर्सल जॉइंट, ज्यांना आपण क्रॉस म्हणतो. मग फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या पलीकडे रॅक, चाकं वळवणारा दातेरी दांडा. रॅकच्या दोन टोकांना रॅक-एंड आणि टाय रॉड एंड, म्हणजे त्याला चाकांशी जोडणारे सांधे. यातला कुठलाही मणी सैल झाला तरी टिचकी तुझ्या हातातच लागणार, कारण हात तिथेच आहे. म्हणून गॅरेजवाला वरचं बदला म्हणतो. त्याचा वेळ वाचतो.

आता असं कर. गाडी सपाटीवर, इंजिन बंद, किल्ली इतकीच फिरव की लॉक सुटेल. घरच्या कोणाला तरी सीटवर बसव आणि स्टीअरिंग इंच-दीड इंच डावीउजवीकडे हलवायला सांग, जास्त नाही. तू खाली पेडलांपाशी आडवा हो आणि वरच्या क्रॉसला हात लाव. क्रॉसला दोन बाजूंनी धरणारे दोन काटे असतात, वरचा काटा आणि खालचा काटा एकदम हलले तर तो बरा. वरचा हलला आणि खालचा मागाहून आला, तर ढिलाई तुझ्या बोटांखाली आहे. मग खालचा क्रॉस. मग बॉनेट उघडून रॅक. मग चाकापाशी टाय रॉड एंड. वरून खाली असंच उतरत जा. डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेव, तिथे उजेड नसतो.

पुढचं चाक उचलून बघायचं असेल तर स्टँडवरच. जॅकवर ठेवून खाली शिरलास तर हा धागा तुझे नातेवाईक पूर्ण करतील. घड्याळातल्या नऊ आणि तीनवर हात ठेवून चाक हलव, तिथे ढिलं तर टाय रॉड किंवा रॅक-एंड. बारा आणि सहावर ढिलं तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट.

आणि ते जड-हलकं मोज. इंजिन चालू ठेवून स्टीअरिंगचा एक पूर्ण फेरा सावकाश फिरव. एका फेऱ्यात किती वेळा जड होतं ते लिही इथे.

---

शापोराकाठचा | मंगळवार, सकाळी ८:०५

बाब, आता ऑफिसला निघालो. संध्याकाळी करतो. पण मोजायचं कशासाठी?

---

फेरीबोट | मंगळवार, सकाळी ८:२२

मी सांगतो, दिवाडीच्या फेरीच्या रांगेत आहे, वेळच वेळ आहे.

युनिव्हर्सल जॉइंटला इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत हूकचा जॉइंट म्हणतात, सतराव्या शतकातला रॉबर्ट हूक. त्याची एक खोड आहे. दोन शाफ्ट कोनात जोडले की वरचा एकसारख्या वेगाने फिरला तरी खालचा तसा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन वाढला की ही खोड वाढते. म्हणून कॉलमखाली एक नाही, दोन जॉइंट असतात. पहिल्याने केलेली गडबड दुसरा निस्तरतो. मात्र मधल्या शाफ्टवरचे दोन काटे एकमेकांशी ठरल्या कोनातच हवेत.

क्रॉसच्या चार टोकांवर सुईसारखी बारीक बेअरिंग असतात. त्यांतल्या एका जोडीत गंज शिरला की तो आस वळायला नकार देतो. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात त्याची एकदा पाळी येते. म्हणजे फेऱ्याला दोनदा जड. मोटर बिघडली असती तर ती अशी हिशेबाने रुसली नसती.

फेरी आली.

---

काळी पाटी | मंगळवार, दुपारी १:१७

माझ्या पाच गाड्या भाड्याने जातात, काळी पाटी पिवळी अक्षरं. हे दुखणं आमच्याकडे घरचंच आहे. पाहुणे मनाई असली तरी गाडी वाळूत नेतात, खाऱ्या पाण्यात चाकं बुडवून फोटो काढतात आणि परत देताना काही बोलत नाहीत. खालचा क्रॉस सगळ्यात आधी जातो.

घाईत असाल तर गंज काढायचा स्प्रे मारा, पंधरा दिवस लोण्यासारखं चालतं. मग पुन्हा धरतं, आधीपेक्षा घट्ट. कारण स्प्रेने आत उरलंसुरलं ग्रीसही धुऊन जातं. मी दोनदा केलं, तिसऱ्यांदा नवा शाफ्ट टाकला.

---

जुनी फियाट | मंगळवार, दुपारी ३:४४

पूर्वी असं नव्हतं. आमच्या पद्मिनीला गिअरसुद्धा कॉलमवर होते. दांडा स्टीअरिंगच्या बाजूला, खाली दोन लांब सळ्या, आणि सळ्यांच्या टोकांना बुश. बुश झिजले की दुसरा म्हणून टाकलेला गिअर न्यूट्रलमध्ये जायचा. मडगावच्या चढावर उतरून, बॉनेट उघडून, हाताने सळी हलवून गिअर सोडवलेला आहे. मागे हॉर्न वाजत असायचे, आपण शांत.

स्टीअरिंग काढायचं असेल तर नट सैल करा आणि दोन हातांनी ओढताना कोणाला तरी शाफ्टच्या टोकावर हातोडीचा एक ठोका द्यायला सांगा. निघतंच.

---

साखळीचा फिटर | मंगळवार, संध्या. ६:१०

फियाटबाब, तुमच्या गाडीत निघत होतं. याच्या गाडीत हातोडी नको.

त्या काळचा शाफ्ट म्हणजे लोखंडाचा भाला होता, समोरून ठोकर बसली की सरळ छातीत. आताचा कॉलम धडकेत दुमडावा म्हणून दोन तुकड्यांचा असतो, एकात एक सरकणारा. कित्येक गाड्यांत ते तुकडे छोट्या प्लास्टिकच्या पिनांवर धरून ठेवलेले असतात. टोकावर हातोडी मारली की पिना तुटतात. वरून काही दिसत नाही, स्टीअरिंग बसतंही नीट, फक्त कॉलम आपली जागा सोडून बसतो. घट्ट असेल तर पुलर लावायचा. आणि नट पूर्ण काढायचा नाही, दोन आटे ठेवायचे. नाहीतर ओढता ओढता स्टीअरिंग नाकावर येतं. माझ्या नाकाकडे बघून कळेल.

---

फेरीबोट | मंगळवार, संध्या. ६:३८

बरोबर. दुमडणारा कॉलम अमेरिकेत १९६८पासून कायद्याने सक्तीचा झाला. आपल्याकडची पद्मिनी त्या मानाने आजोबांच्या पिढीतली.

---

शापोराकाठचा | मंगळवार, रात्री ९:५५

मोजलं! एका फेऱ्यात बरोब्बर दोनदा जड. बायकोने स्टीअरिंग धरलं, मी पेडलांखाली. (आधी ती म्हणाली, "हे करायला तुम्हाला लायसन्स लागतं का?") वरचा क्रॉस ठणठणीत. खालच्यावर बोट ठेवलं आणि टिचकी सरळ बोटात लागली. टॉर्च मारली तर सगळीकडे तपकिरी भुकटी, आणि त्यावर लाल मातीचा थर. शिवाय जॉइंट रॅकच्या दांड्यावर आवळणारा जो बोल्ट आहे तो पान्याने पाव फेरा सहज फिरला.

आणि एक शोध लागला. माझ्या पायाखालचा गालिचा खालून ओला होता. वरचं रबरी मॅट कोरडं, खाली चिखल. जूनपासून ओल्या चपला तिथेच ठेवतोय. म्हणजे हा गंज बाहेरून कमी आणि माझ्या चपलांतून जास्त आला.

---

काजूबोंडू | मंगळवार, रात्री १०:०३

तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात आपण सगळेच हे करतो. मी पावसात मॅटखाली जुनी वर्तमानपत्रं घालते आणि दर दोन दिवसांनी बदलते. फोंड्यात समुद्र नाही, पण बुरशी भरपूर.

---

साखळीचा फिटर | बुधवार, पहाटे ५:४२

झालं तर मग. कॉलमला हात लावायचा नाही. एअरबॅगला हात लावायचा नाही. फक्त मधला शाफ्ट बदलायचा. तुझ्या गाडीत क्रॉस सुटा मिळणार नाही, शाफ्टच पूर्ण येतो. भंगारअड्ड्यावरचा आणू नको, तोही इथल्याच हवेत कुजलेला असेल.

नीट वाच, यातलं एक जरी चुकलं तरी काम वाढेल.

चाकं सरळ. बॅटरीची ऋण तार काढ. स्टीअरिंग सरळ असताना किल्ली काढून ते लॉक कर, आणि वर सीटबेल्ट स्टीअरिंगच्या आऱ्यातून घालून खालच्या बकलमध्ये अडकव म्हणजे लॉक असूनही कोणी फिरवायला बघितलं तर फिरणार नाही. शाफ्ट सुटला की स्टीअरिंगला अडवणारं काही राहत नाही. रॅकमुळे ते दोन्ही बाजूंना दीड-पावणेदोन फेऱ्यांवर थांबतं. रॅक सुटला की ते गरागरा फिरेल आणि आतली क्लॉक स्प्रिंग तुटेल.

दोन्ही जॉइंटवर आणि दोन्ही दांड्यांवर पांढऱ्या रंगाने रेघ मार. आवळणारे बोल्ट नुसते सैल करून भागत नाही, ते पूर्ण बाहेर काढावे लागतात. दांड्याला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो, म्हणजे सैल झाला तरी जॉइंट निसटू नये. बसवतानाही बोल्ट त्या खाचेतूनच गेला पाहिजे. आडवा बसला आणि तू जोर करून आवळलास, तर रस्त्यावर निसटेल. बोल्ट नवे घे. टॉर्क पुस्तकात बघ, अंदाजाने नको.

खाणीवर टिपरचं असंच एक स्टीअरिंग सुटलेलं मी पाहिलंय. गाडी थांबलेली होती म्हणून मी हे लिहितोय आणि ड्रायव्हर भजनाला जातो. २०१२ला खाणी बंद पडल्यावर छोट्या गाड्यांकडे आलो, पण बोल्ट आवळल्यावर रंगाची रेघ मारायची सवय तिथलीच.

---

सुशेगाद | बुधवार, सकाळी ९:१५

मी अजूनही म्हणतो नको. पण वाचतोय.

---

शापोराकाठचा | शनिवार, रात्री ११:२६

शाफ्ट बेळगावहून आला, नवा, दोन नव्या बोल्टांसकट. आज सकाळी काम काढलं. दुसरा बोल्ट गंजलेला, तो निघायला दीड तास लागला. आदल्या रात्री तेल सोडलं होतं. पानाही घसरला, बोटाचं सालही गेलं. जुना शाफ्ट हातात घेतला तेव्हा खालचा क्रॉस एका बाजूला वळतच नव्हता आणि दुसऱ्या बाजूला लडबडत होता. हे एकाच जॉइंटमध्ये कसं असू शकतं देव जाणे.

नवा बसवला. रेघा जुळवल्या. बोल्ट खाचेतून गेला याची आरसा धरून खात्री केली. माझ्या पुस्तकात २५ न्यूटन-मीटर होतं, तेवढंच दिलं. बॅटरी जोडली. चक्कर मारली, अस्नोडेपर्यंत. एकही टिचकी नाही! स्टीअरिंग पाण्यातल्या होडीसारखं.

आता वाईट बातमी. हॉर्न वाजत नाही. एअरबॅगचा लाल दिवा लागलाय आणि विझत नाही.

---

फेरीबोट | शनिवार, रात्री ११:३१

सीटबेल्ट घातला होता का?

---

शापोराकाठचा | शनिवार, रात्री ११:३८

घातला होता. पण बोल्टचं डोकं वरच्या बाजूला होतं, पाना जाईना. म्हणून बेल्ट काढला, किल्ली लावली, थोडं फिरवलं, बोल्ट काढला. आणि बेल्ट परत घालायचा राहिला. शाफ्ट काढून मी हात धुवायला गेलो. परत आलो तर भाचा सीटवर. पाच वर्षांचा. मुंबईहून चवथीला आलाय. "मामा, बघ, मी चोर्ल्याचा घाट उतरतोय."

---

काजूबोंडू | शनिवार, रात्री ११:४०

खिक्क. सॉरी. पण चोर्ला घाट म्हणजे क्लॉक स्प्रिंगचं काही उरलं नसणार.

---

साखळीचा फिटर | रविवार, पहाटे ६:०५

मूल आहे, रागावू नको. चूक तुझी.

क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्प्रिंग नव्हे. चपटी रिबिनीसारखी तार, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी डबीत गुंडाळलेली. स्टीअरिंग फिरतं, गाडी फिरत नाही, पण एअरबॅगला आणि हॉर्नला वीज तर पाहिजे. ती या रिबिनीतून जाते. एका दिशेला मर्यादेपलीकडे फिरवली की ताणून तुटते. हॉर्न आणि एअरबॅगचा दिवा एकाच वेळी गेले म्हणजे तीच.

आता ऐक. इथे घरचं काम संपलं. ही बदलायला एअरबॅग काढावी लागते. मल्टिमीटर घेऊन तिच्या तारा तपासायला जाऊ नको. मीटर स्वतः थोडा करंट सोडतो आणि आतल्या, एअरबॅग पेटवणाऱ्या काडीला तेवढा पुरू शकतो. पिवळे कनेक्टर दिसले की हात मागे.

---

काजूबोंडू | रविवार, सकाळी ८:५०

माझी मारुती ८००, जुन्यातली जुनी, तिचा हॉर्न मी स्वतः दुरुस्त केलाय. तिच्यात क्लॉक स्प्रिंगच नाही. स्टीअरिंगच्या पाठीवर तांब्याची कडी आणि तिच्यावर घासणारा स्प्रिंगवाला टेकू, बस. कडी काळी पडली होती, पॉलिश पेपरने घासली, टेकू थोडा ओढला, चिमूटभर ग्रीस. दहा मिनिटं.

म्हणून लोक म्हणतात, आम्ही पूर्वी स्टीअरिंग काढायचो, त्यात काय. त्यात एअरबॅग आहे! १ जुलै २०१९पासून तर प्रत्येक नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. आता एअरबॅग नसलेलं स्टीअरिंग मिळणारच नाही.

---

जुनी फियाट | रविवार, दुपारी १२:२०

दिवा काढून टाकला तर? काळी पाटी, तुमच्याकडे करतात ना लोक?

---

काळी पाटी | रविवार, दुपारी १२:४४

करतात. मी करत नाही. भाड्याची गाडी घेणाऱ्याला तो दिवा दिसला पाहिजे. दिवा काढला तरी एअरबॅग मेलेलीच राहते, फक्त कळायचं बंद होतं.

---

साखळीचा फिटर | रविवार, संध्या. ७:००

शिवोलीच्या बाबा, क्लॉक स्प्रिंग तुझ्या मॉडेलचीच मागव, गाडीचा चॅसी नंबर देऊन. हात-दोन हात फिरलेली जुनी नको. आली की गाडी घेऊन साखळीला ये. एअरबॅगचं काम शिकलेला माझा एक जुना पोरगा आहे, आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, गाडीतले दोष वाचणारा स्कॅनरही आहे. तो करेल, तू बघ. पण तोवर एअरबॅग नाही हे लक्षात ठेवून चालव आणि हॉर्न नाही म्हणून सावकाश चालव.

---

शापोराकाठचा | गुरुवार, रात्री ९:१०

आज जाऊन आलो. साखळीला विठ्ठलाच्या देवळाजवळ फिटरबाब स्वतः उभे होते. नाकाबद्दल त्यांनी लिहिलं ते खरं आहे.

पोरगा म्हणजे चाळिशीचा गृहस्थ. चाकं सरळ केली, बॅटरीची तार काढली आणि चहा मागवला. मी विचारलं सुरू कधी करणार, तर म्हणे आता सुरूच आहे. एअरबॅगच्या कंट्रोल बॉक्समध्ये वीज साठवणारा कपॅसिटर असतो, अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग फुटावी म्हणून. तो रिकामा व्हायला वेळ द्यायचा. कंपन्यांच्या पुस्तकांत कुठे ९० सेकंद, कुठे तीन मिनिटं लिहिलेलं असतं. हा पठ्ठ्या चहा संपेपर्यंत थांबतो. घाई करणारा चहा नव्हता, वर दोन भजी आली.

स्टीअरिंगच्या मागून दोन बाजूंनी दोन स्क्रू, एअरबॅग पुढे आली, पिवळा कनेक्टर सोडला. ती दोन्ही हातांत धरून अंगापासून दूर, टेबलावर ठेवली. शोभेची बाजू वर, कधी फुटलीच तर नुसता कपडा वर जाईल. पालथी ठेवली असती तर अख्खा डबाच छताला लागला असता. आणि टेबलाजवळ कोणी जायचं नाही असं मलाच दटावलं.

मग नट, दोन आटे ठेवून. स्टीअरिंग पुलरशिवायच सुटलं. खाली ती डबी. हातात घेतली तर आतून खुळखुळ वाजली. उघडून दाखवली, रिबिन मधोमध तुटून गुंतलेली. भाच्याला दाखवायला आणली आहे.

नवी बसवताना त्याने जे केलं ते मी ध्यानात ठेवलं. डबी हळूच एका दिशेला थांबेपर्यंत फिरवली, मग उलट अडीच फेरे, आणि दोन बाण समोरासमोर आले. डबीवरच लिहिलेलं होतं किती फेरे. मधोमध बसली नाही तर घाटातल्या पहिल्या मोठ्या वळणावर पुन्हा तुटते. नव्या डबीला एक कागदी पट्टी होती फिरू नये म्हणून, ती शेवटी फाडली. मग सगळं उलट्या क्रमाने, नटाला टॉर्क, रंगाची रेघ. बॅटरी जोडताना कोणालाही गाडीत बसू दिलं नाही. इंजिन चालू करून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. स्कॅनरने जुना दोष पुसला. दिवा पाच-सहा सेकंद लागून विझला.

हॉर्न वाजला तेव्हा फिटरबाब म्हणाले, "आता देवळासमोर वाजवू नको."

पैसे गॅरेजच्या त्या पहिल्या आकड्याच्या पाव भागाइतकेही झाले नाहीत, क्लॉक स्प्रिंग धरून. भाचा नसता तर आणखी निम्मे वाचले असते.

---

सुशेगाद | गुरुवार, रात्री ९:२५

म्हणजे मी बरोबर होतो.

---

काजूबोंडू | गुरुवार, रात्री ९:२७

अर्धे.

---

पेडण्याचो पोर | गुरुवार, रात्री १०:४८

धाग्याला थोडं सोडून, पण कॉलमचंच आहे. माझ्या स्कॉर्पिओत किल्ली फिरत नाही, लॉक धरतं. किल्लीच्या भोकात तेल सोडू का?

---

साखळीचा फिटर | शुक्रवार, पहाटे ५:३०

तेल नको, धूळ धरून चिखल होतो. ग्रॅफाइटची भुकटी फुंक. आणि आधी स्टीअरिंग डावीउजवीकडे किंचित हलवत किल्ली फिरवून बघ. चाक कडेच्या दगडाला टेकवून लावतोस का? मग लॉकच्या खिळ्यावर ताण येतो, किल्लीचा दोष नाही. लॉकच बदलायचं झालं तर त्याचे बोल्ट डोकं तुटणारे असतात, चोराला निघू नयेत म्हणून. आवळताना डोकं तुटून पडतं आणि गुळगुळीत गोळा उरतो. छिन्नीने उलटे फिरवावे लागतात किंवा डोक्याला हॅकसॉने खाच पाडून. तेव्हा नवा धागा काढ.

---

शापोराकाठचा | शुक्रवार, संध्या. ७:१९

फिटरबाब, एक राहिलं. उजवीकडे वळलो की इंडिकेटर आपोआप परत येतो. डावीकडे वळलो की येत नाही, टकटक चालूच. आधी असं नव्हतं.

---

साखळीचा फिटर | शुक्रवार, संध्या. ७:३३

डबीच्या पाठीला एक कान असतो, तो स्टीअरिंगबरोबर फिरत इंडिकेटरच्या दांड्याला परत ढकलतो. बसवताना पूर्ण खोल गेला नसेल. किंवा स्टीअरिंगच्या खालचं प्लास्टिकचं कव्हर दांड्याला घासतंय. आधी कव्हरचे तीन स्क्रू सैल करून बघ, ते तू घरी करू शकतोस. त्याने झालं नाही तर पोराकडे परत ये, स्टीअरिंग तू काढायचं नाही.

---

शापोराकाठचा | शुक्रवार, रात्री ८:५०

कव्हरच होतं. एक स्क्रू मी (हो, मी, त्याला मदत करतो म्हणून) जास्त आवळला होता. अर्धा फेरा सैल केला, डावीकडचाही परत येतो.

उद्या पहाटे पेडण्याला निघतोय. गालिचा तीन दिवस उन्हात वाळवला, म्हणजे ऊन जितकं पडलं तितका. चपलांसाठी मागे बादली ठेवली आहे. परत येताना साखळीवरून येईन, नेवऱ्यांचा डबा कुठे ठेवू ते सांगा.

---

साखळीचा फिटर | शनिवार, पहाटे ५:१५

पोराच्या गॅरेजात ठेव. नारळाच्या चवाच्या असतील तर दोन डबे.